हिऱ्याची वाटणी

या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी, म्हणजे कुंभार पिंपळगावला गेले होते. जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं कच्चंच आहे, तेव्हा चुका सांभाळून घ्या. पण घरात जे चाललं होतं ते समजायला व्याकरण लागत नव्हतं. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रिटायर्ड मास्तर. आबा आणि माईंना मूलबाळ नाही. त्यांची तीन एकर जमीन आपल्या माघारी गावातल्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवायची, असं दोघांनी ठरवलं. झालं! पुतण्यांची तोंडं उतरली. आणि त्या पुतण्यांपैकी एक म्हणजे माझे पप्पा. माझ्या फीसाठी कर्ज काढलेले पप्पा.

मी कोणाची बाजू घेऊ? हॉस्टेलवर परत आले आणि लायब्ररीत बसून अशाच एका मूल नसलेल्या जोडप्याबद्दल वाचत राहिले. सर दोराबजी टाटा आणि लेडी मेहेरबाई.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईचा. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव. ते केंब्रिजला शिकायला गेले, पण दोनच वर्षांत परत आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समधून १८८२ साली पदवीधर झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी चक्क वर्तमानपत्रात नोकरी केली! १८९८ मध्ये त्यांचं लग्न मेहेरबाई भाभांशी झालं. मेहेरबाईंचे वडील म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि बक्षिसं जिंकायच्या. बालविवाहाच्या विरोधातही त्या ठामपणे बोलायच्या.

१९०४ मध्ये जमशेटजी गेले. पोलादाचा कारखाना, वीज आणि बंगलोरची विज्ञान संस्था ही त्यांची तीनही स्वप्नं अर्धवट राहिली होती. ती दोराबजींनी धाकटे भाऊ रतनजी आणि इतर सहकाऱ्यांच्या साथीने पुरी केली. विज्ञान संस्थेसाठी वडिलांनी देऊ केलेली मालमत्ता खरं तर या दोन मुलांच्याच वाट्याची होती. ती त्यांनी अडवली नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

खेळाचंही त्यांना वेड होतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर त्यांनी अनवाणी धावणारी आपली मुलं पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवायला पुढाकार घेतला, पदरचे पैसे घातले. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते आणि कुस्तीगीरही होते. आणि जिथून पदवी न घेताच परतले, त्या केंब्रिजलाही त्यांनी इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेसाठी २५ हजार पौंड दिले. माजी विद्यार्थी असावा तर असा!

पण सगळंच गोड नाही. मुळशीचं धरण टाटांच्या वीज कंपनीचंच. त्यात मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ पासून तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. जमिनीवरून रात्र रात्र न झोपणारे पप्पा मी पाहिलेत. त्यामुळे हे पान मला उलटून टाकता येत नाही.

१९२४ मध्ये पोलाद कंपनी बुडायच्या बेतात आली, पगाराला पैसे नव्हते. तेव्हा दोराबजींनी आपली सारी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटीचं कर्ज उभं केलं. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते, २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा! कंपनी तरली.

१८ जून १९३१ ला मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ट्रस्ट केला, त्याच आजाराच्या संशोधनासाठी. आणि मार्च १९३२ मध्ये आपली जवळजवळ सगळी संपत्ती दुसऱ्या ट्रस्टकडे सोपवली. जात, धर्म, प्रांत काही आड येऊ नये अशी व्यवस्था त्यात केली. मग पत्नीच्या समाधीवर जायला निघाले आणि वाटेत, जर्मनीत, ३ जून १९३२ ला गेले. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडला दोघं शेजारी शेजारी आहेत.

पुढे तो हिराही विकला गेला आणि पैसे ट्रस्टमध्ये आले. या ट्रस्टच्या पैशातून १९३६ साली टाटा समाजविज्ञान संस्था निघाली, जिचं एक केंद्र आपल्या मराठवाड्यात, तुळजापूरला आहे. १९४१ साली परळचं टाटा हॉस्पिटल झालं. आपल्याकडचा कुणी ना कुणी तिथल्या रांगेत उभा राहिलेला असतोच. १९४५ साली टीआयएफआर उभी राहिली. ती उभारणारे होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. म्हणजे भाच्याला आत्याच्या घरचं मिळालं, पण वाटणीत नाही. सगळ्या देशासाठी म्हणून मिळालं.

एक गोष्ट मात्र मला नीट कळली. मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालू होतं, ट्रस्ट मात्र जिवंतपणीच चालू करता येतो. मी आबांना फोन करून हे सांगितलं. म्हटलं, आबा, माघारी कशाला, आत्ताच सुरू करा ना, म्हणजे पहिला मुलगा नाहीतर मुलगी शिकलेली तुम्हाला बघता येईल. आबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, तुझ्या पप्पांना दे फोन.

पप्पा शेजारी नव्हते, मी हॉस्टेलवर होते हे आबा विसरले होते. मग मीच पप्पांना फोन लावला. म्हटलं, तुमचं कर्ज मी फेडीन, नोकरी लागली की पहिल्या पगारापासून. आबांना अडवू नका.

पप्पा हो म्हणाले नाहीत. पण पाडव्याला आबांच्या घरी जाऊन येतो म्हणाले. पप्पा त्या घराची पायरी चढणार, एवढंच सध्या मला पुरे आहे.