पुस्तकांवाचून भूमिती

समांतर रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत, हे आपण दहावीपर्यंत घोकलं. त्या अनंतावर भेटतात असंही मानता येतं, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं आणि त्याबरोबर पॉन्सलेची गोष्टही. स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला.

झाँ-व्हिक्तॉर पॉन्सले १७८८ साली फ्रान्समधल्या मेट्झ इथे जन्मला. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकून तो लष्करात इंजिनिअर झाला आणि १८१२ मध्ये नेपोलियनच्या फौजेबरोबर रशियात गेला. माघार घेताना क्रास्नोईच्या लढाईत तो पकडला गेला. ऐन हिवाळ्यात अनेक आठवडे चालत तो व्होल्गाकाठच्या सारातोव्हला पोचला. जवळ एकही पुस्तक नव्हतं. मग कॉलेजात शिकलेलं जेवढं आठवत होतं, तेवढ्यावर त्याने भूमिती नव्याने मांडायला घेतली.

त्याचा विचार समजून घ्यायला भिंतीवर टॉर्च मारून पाहा. सरळ धरला की वर्तुळ दिसतं, जरा कलता केला की लंबवर्तुळ. झोताची एक कड भिंतीला समांतर झाली की पॅराबोला, त्याहून कलवला की हायपरबोला. आपण यांची वेगवेगळी समीकरणं पाठ केली. पॉन्सलेच्या दृष्टीने ही एकाच वक्राची रूपं. फरक एवढाच, की लंबवर्तुळ अनंतावरच्या रेषेला खऱ्या बिंदूत कुठेच भेटत नाही, पॅराबोला तिला एका बिंदूत स्पर्श करतो आणि हायपरबोला तिला दोन बिंदूंत छेदतो.

१८१४ मध्ये सुटका होऊन तो मेट्झला परतला. कोशीसारख्या मोठ्या गणितज्ञाने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, तरी १८२२ मध्ये त्याने या भूमितीवरचा ग्रंथ छापलाच. पुढे तो यंत्रशास्त्राकडे वळला. वक्र पात्यांचं पाणचक्र बनवलं, मेट्झच्या कामगारांना यंत्रशास्त्र शिकवलं. सारातोव्हच्या वह्या त्याने म्हातारपणी प्रसिद्ध केल्या. १८६७ मध्ये तो वारला.

आपली वह्यापुस्तकं केव्हाच रद्दीत गेली. हा लेख लिहिताना मी काही न उघडता पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करून पाहिलं. जमलं. आकृती काढून झाल्यावर लक्षात आलं, ती बाईंनी फळ्यावर काढायच्या तशीच होती, काटकोनातून कर्णावर टाकलेल्या लंबासकट.