रमाबाई रानडे : आठवणींतून उमगलेला संसार

देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची ही कन्या १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांची पत्नी होऊन सासरी आली, तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. पतीने रात्री शिकवावे आणि घरच्या बायकांनी दिवसा टोमणे मारावेत, असे ओढाताणीचे दिवस काढीत रमाबाई इंग्रजीपर्यंत पोहोचल्या. १८८६ मध्ये न्यायमूर्तींची फायनान्स कमिटीवर नेमणूक होऊन कलकत्त्याचा मुक्काम घडला, तेव्हा त्या घरात बंगालीचाही अभ्यास सुरू झाला. बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडणाऱ्या आम्हांस याचे विशेष अप्रूप वाटते.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. १९१० साली रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पंचहौद प्रकरणी न्यायमूर्तींनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते रमाबाईंच्या मनाला लागले होते. तो सल त्यांनी लपविला नाही. आणि स्नेह्यांसाठी पतीने पत्करलेला कमीपणाही समजून घेतला. म्हणूनच तो संसार आम्हांस खरा वाटतो.

१९२४ साली रमाबाई गेल्या. आपल्या घरची कथा आम्हीही मुलांना सांगावी, आणि केवळ गोड तेवढीच निवडून सांगू नये, हा बोध आम्ही या चरित्रातून घेतो.