इंजिनवाले शंतनुराव

स्मरणिकेसाठी लेख हवा असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणींऐवजी एका माणसाविषयी लिहावंसं वाटलं. कल्याणहून टिटवाळ्याकडे सायकली पिटाळताना मळ्यांतल्या डिझेल पंपांवर आपण किर्लोस्कर हे नाव वाचायचो, आठवतं? त्या नावामागचा माणूस मला इंजिन दुरुस्तीच्या धंद्यात पडल्यावर कळला.

शंतनुराव किर्लोस्करांचा जन्म २८ मे १९०३ चा, सोलापूरचा. ते सात वर्षांचे असताना वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, औंध संस्थानातल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरांच्या त्या कारखान्याच्या अंगणात शंतनुराव वाढले. अमेरिकेत एमआयटीमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून १९२६ मध्ये परतले आणि वाडीच्याच कामाला लागले.

१९४६ मध्ये त्यांनी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. गावोगाव वीज नव्हती, विहिरीवर मोट चालायची. डिझेल इंजिनाला तार लागत नाही, ठिणगीचा प्लगही लागत नाही. दट्ट्या आतली हवा सोळा-सतरा पट दाबतो, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून तुषारासारखं आलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात हे ७५० वेळा घडतं. त्यासाठी प्रत्येक भागाचं माप अगदी काटेकोर लागतं. असं यंत्र इथे घडवायचं आणि जवळपास मेकॅनिक नसलेल्या शेतकऱ्याच्या हाती द्यायचं, हे सोपं काम नव्हतं.

कारण इंजिन बिघडतं ते बहुधा हयगयीमुळे. एअर क्लीनर साफ नसला की धूळ रिंगा झिजवते, डिझेलमधलं पाणी नोझल खराब करतं, थंड ठेवणारं पाणी आटलं की दट्ट्या जाम होतो. हे सगळं ठाऊक असूनही मी चुकलो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कल्याणातल्या एका सोसायटीचा बुडालेला जनरेटर मी घाईने चालू केला. हवा दाबली जाते, सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. नोझल काढून, हाताने चार फेरे देऊन पाणी बाहेर काढलं असतं तर इंजिन वाचलं असतं. लिफ्ट बंद राहिली आणि चौथ्या मजल्यावरच्या आजारी आजोबांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावं लागलं. दुरुस्तीचा खर्च मी सोसला. आजोबांचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

शंतनुरावांनी पुढे १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी केली, १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि २४ एप्रिल १९९४ रोजी ते गेले. आता मळ्यांत बहुतेक विजेच्या मोटारी आहेत. तरी जुनं इंजिन दुरुस्तीला आलं की मी हँडल मारायची घाई करत नाही. आधी हाताने फिरवून बघतो.