शाहू छत्रपती आणि समतेचा व्यवहार

सर्व माणसे समान आहेत, हे तत्त्व तोंडाने नाकारणारा मनुष्य आज आपल्या देशात शोधूनच काढावा लागेल. संतांनी ते गाइले, सुधारकांनी ते प्रतिपादिले, आणि 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेने त्यास कायद्याचे बळ दिले. तथापि तत्त्व मान्य होणे निराळे आणि ते शाळेत, कचेरीत व पाणवठ्यावर उतरणे निराळे. हे अंतर कसे कापावे, असा प्रश्न ज्यांस खरोखर पडला असेल त्यांनी करवीरच्या शाहू छत्रपतींचे चरित्र एकवार शांत चित्ताने पाहावे.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेले यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीस दत्तक गेले, आणि 2 एप्रिल 1894 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यसूत्रे हाती घेतली. त्या वेळी दरबारातील 71 वरिष्ठ जागांपैकी 60 जागा एकट्या ब्राह्मणवर्गाकडे होत्या. विद्या ज्याच्याकडे त्यास अधिकार, आणि अधिकार ज्याच्याकडे त्याच्याच मुलांस पुन्हा विद्या, असे हे रहाटगाडगे पिढ्यान्‌पिढ्या फिरत होते. पुढे वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले. प्रत्यक्ष छत्रपतींच्या घरची धर्मकृत्ये वेदमंत्रांनी करण्यास पुरोहितांनी नकार दिला. राजा झाला तरी तो शूद्रच, असा त्याचा अर्थ होता. दुसरा एखादा संस्थानिक आपला मान सांभाळून स्वस्थ बसता. महाराजांनी राजोपाध्यांची वतने तर काढून घेतलीच. परंतु ज्या व्यवस्थेत राजाची ही गत, तीत खालच्या थरातील रयतेचे काय होत असेल, हा विचार त्यांच्या मनात ठाण मांडून बसला. त्यांचे मोठेपण येथे सुरू होते.

26 जुलै 1902 रोजी त्यांनी हुकूम काढला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांच्या उमेदवारांस द्याव्यात. या हुकुमावर कोण ओरड झाली! योग्यता बुडाली, कारभार बुडाला, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु नुसता हुकूम काढून महाराज थांबले नव्हते. जागा भरावयाच्या तर शिकलेली मुले हवीत, आणि खेड्यातील मुलगा शिकावयाचा तर त्यास शहरात डोके टेकण्यास ठिकाण हवे, हे त्यांनी आधीच ओळखिले होते. 1901 पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत इत्यादी समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मुलांकरिता 1908 साली मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह उघडले. जातवार वसतिगृहांनी जातिभेद बळावेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण ज्या काळी एका पंगतीस बसणे अशक्य होते, त्या काळी पंगतीचा वाद मिटेपर्यंत मुलांस निरक्षर ठेवणे हा कोणता न्याय? 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला.

त्यानंतरची पावले अधिक धीट होती. 1918 साली महारवतन रद्द करून वेठीच्या जोखडातून त्या समाजास सोडविले, आणि काही जातींच्या लोकांस गुन्हेगार समजून द्यावी लागणारी हजेरी बंद केली. 1919 साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून त्यांची मुले सर्वांबरोबर बसविली, आणि सार्वजनिक विहिरी, दवाखाने व कचेऱ्या यांत स्पर्शास्पर्श पाळण्यास मनाई केली. पाण्यास शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांस त्यांनी चहाचे दुकान घालून दिले, आणि आपल्या लवाजम्यासह तेथे जाऊन स्वतः चहा घेतला. हजार व्याख्यानांनी जे झाले नसते ते त्या एका पेल्याने झाले. कारण राजाने घेतलेला चहा भ्रष्ट म्हणण्याची छाती कोणास होणार? 1920 साली माणगावच्या परिषदेस जाऊन तरुण डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व त्यांनी मोकळ्या मनाने गौरविले. 6 मे 1922 रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांचे मुंबईस देहावसान झाले.

या चरित्रापासून घ्यावयाचा धडा आमच्या मते साधा आहे. समता उपदेशाने येत नाही. ती विद्या, जागा, जमीन आणि पाणी यांच्या वाटणीने येते. ती हुकुमाने सुरू होते, परंतु हुकूम काढणारा स्वतः त्या दुकानात जाऊन बसेल तेव्हाच मुरते. महाराज सत्ताधीश होते, म्हणून त्यांस हे साधले, असे कोणी म्हणेल. पण त्यांच्याच काळी सत्ताधीश संस्थानिक थोडे का होते? आज सत्ता लोकांच्या हाती आहे, तेव्हा ही सबबही उरली नाही. आपल्या घरी झाडलोट करणारास आपण कोणत्या पेल्यातून चहा देतो, आणि भाडेकरू ठेविताना प्रथम त्याचे आडनाव का विचारतो, एवढे प्रत्येक वाचकाने आज स्वतःस विचारावे. त्या उत्तरात आपल्या समतेची खरी किंमत कळून येईल.