सुटकेचा हुकूम

आल्सेस प्रांतातील म्यूलूझ या गिरण्यांच्या गावी १८५९ साली आल्फ्रेड ड्रेफसचा जन्म झाला. त्याचे घराणे ज्यू होते व वडील कापडगिरणीचे मालक होते. १८७० च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्सचा पराभव केला आणि पुढच्या वर्षी आल्सेस आपल्या राज्यास जोडला. परके सैन्य गावात शिरलेले लहानग्या आल्फ्रेडने पाहिले आणि फ्रान्सचा सैनिक होण्याचे मनाशी ठरविले. पुढे तो तोफखान्यात कॅप्टन झाला.

१८९४ साली पॅरिसमधील जर्मन वकिलातीच्या केराच्या टोपलीतून एक फाटके पत्र हाती आले. लष्कराची गुपिते विकणाऱ्याचे ते पत्र होते. अक्षर ड्रेफसच्या अक्षरासारखे दिसते, एवढ्यावरून त्याला पकडण्यात आले. तो ज्यू आहे, हेही अनेकांना संशयास पुरेसे वाटले. लष्करी न्यायाधीशांना काही कागद गुप्तपणे दाखविण्यात आले. आरोपीच्या वकिलाला ते दिसलेच नाहीत. याला न्याय कसे म्हणावे? त्याला जन्मठेप झाली. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या सैनिकी विद्यालयात, पलटणींच्या देखत, त्याच्या गणवेषावरील चिन्हे उपटण्यात आली व तलवार मोडण्यात आली. आपण निरपराध आहोत, असे तो ओरडून सांगत होता. बाहेरचा जमाव त्याचा प्राण मागत होता.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील सैतानाच्या बेटावर त्याने चार वर्षे काढली. पहारेकऱ्यांना त्याच्याशी बोलण्याची मनाई होती. काही काळ तर रात्री त्याचे पाय बिछान्याशी जखडून ठेवीत. इकडे पत्नी ल्यूसी व भाऊ मात्यू स्वस्थ बसले नव्हते. ते अक्षर एस्तरहाझी नावाच्या अधिकाऱ्याचे आहे, हे पिकार या सेनाधिकाऱ्याने ओळखले. तेव्हा पिकारलाच दूर आफ्रिकेत धाडण्यात आले! १८९८ मध्ये कादंबरीकार एमिल झोला याने वृत्तपत्रातून सेनाधिकाऱ्यांवर उघड आरोप केले. अखेर पुन्हा खटला चालला. पण ९ सप्टेंबर १८९९ रोजी रेन येथील लष्करी न्यायालयाने ड्रेफसला परत दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली.

मग राष्ट्राध्यक्ष लूबे यांच्याकडून माफीची तयारी दिसू लागली. पण माफी अपराध्याला असते. ज्याने अपराधच केला नाही, त्याने ती का घ्यावी? शिवाय तीसाठी अपील मागे घ्यावे लागणार होते. त्याच्यासाठी झगडणाऱ्या काही मित्रांना हे मुळीच रुचले नाही. परंतु ते त्या बेटावर राहिले नव्हते. एकोणचाळीस वर्षांचा ड्रेफस तापाने व हालांनी खंगला होता; आणखी तुरुंगवासात तो वाचेल, असे मात्यूला वाटेना. दोन लहान मुलांनी वडिलांना जवळजवळ पाच वर्षांत पाहिले नव्हते. शेवटी त्याने होकार दिला. १९ सप्टेंबर रोजी लूबे यांनी हुकुमावर सही केली आणि रेनच्या तुरुंगाचे दार उघडले. गेलेली अब्रू परत मिळेपर्यंत आपण झगडतच राहू, असे ड्रेफसने सुटताच जाहीर केले.

त्याला सात वर्षे लागली. १२ जुलै १९०६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने रेनचा निकाल रद्द करून त्याला निर्दोष ठरविले. त्याच महिन्यात, त्याच सैनिकी विद्यालयात, त्याच्या छातीवर सन्मानपदक लावण्यात आले. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा पन्नाशी उलटलेला ड्रेफस पुन्हा फ्रान्सच्या सैन्यात रुजू झाला. १२ जुलै १९३५ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले.