बेब रूथला चकवणाऱ्या १७ वर्षांच्या पोराचा हात युद्धाने कसा संपवला?

२० नोव्हेंबर १९३४. जपानच्या शिझुओकातलं कुसानागी स्टेडियम. अमेरिकेची ऑल-स्टार टीम खेळायला आलेली. बॉल टाकायला आला एइजी सावामुरा, वय १७.

चार्ली गेरिंजर, बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स. चौघेही त्याने ओळीने स्ट्राइकआउट केले. आपल्या भाषेत सांगायचं तर शाळकरी पोराने ब्रॅडमनसकट चौघांच्या दांड्या उडवल्या. पुढे गेरिगने एक होमरन मारला आणि जपान १-० ने हरलं. पण नाव झालं ते सावामुराचंच.

तो टाकायचा काय? बेसबॉलमध्ये टप्पा नसतो. १८.४४ मीटरवरून बॉल थेट येतो आणि बॅटरला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. सावामुराची मुख्य हत्यारं दोनच. एक फास्टबॉल, दुसरा 'ड्रॉप', म्हणजे बॅटजवळ येऊन झपकन खाली पडणारा बॉल. वेगाची धास्ती घेऊन बॅट आधीच फिरवली की ड्रॉप खालून निघून जायचा.

स्पीड गन तेव्हा नव्हती. जुन्या फिल्मवरून काढलेले अंदाज ताशी १६० किमीच्या आसपास जातात. तेव्हाच्या कॅमेऱ्यांचा भरवसा नाही, त्यामुळे या आकड्यावर मी तरी पैज लावणार नाही. स्कोअरकार्ड मात्र पक्कं आहे. जपानच्या प्रोफेशनल लीगमधला पहिला नो-हिटर, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट न देणं, १९३६ मध्ये त्याच्याच नावावर लागला. १९३७ च्या पहिल्या सीझनमध्ये २४ विजय, फक्त ४ पराभव.

१९३८ मध्ये सैन्यात भरती झाली, रवानगी चीनला. बॉलपेक्षा कितीतरी जड हातबॉम्ब फेकून फेकून खांदा गेला. वर डाव्या हाताला जखम, मलेरिया. १९४० मध्ये परतला तेव्हा हात पूर्वीसारखा डोक्यावरून येईना. मग तो बाजूने टाकायला लागला. वेग नव्हता, डोकं होतं. त्याच वर्षी त्याने तिसरा नो-हिटर टाकला!

पुन्हा बोलावणं आलं. १९४३ मध्ये एकही मॅच जिंकता आली नाही आणि जायंट्सने त्याला काढून टाकलं. मग तिसरं बोलावणं. २ डिसेंबर १९४४ ला अमेरिकन पाणबुडीने त्याचं जहाज बुडवलं. सावामुरा २७ वर्षांचा होता.

१९४७ मध्ये त्याच्या नावाने पिचर्ससाठी अवॉर्ड सुरू झाला. त्याला काढून टाकणाऱ्या जायंट्सने त्याची १४ नंबरची जर्सी परत कुणालाच दिली नाही.