दुष्काळाने पोरकी केलेली, अनाथांची माता झालेली : पंडिता रमाबाई

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाई डोंगरे यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत त्या १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या. तेथे संस्कृतच्या व्यासंगामुळे त्यांना ‘पंडिता’ ही पदवी लाभली. १८८२ मध्ये वैधव्य आले, तेव्हा पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन व पुस्तक विकून त्यांनी निधी उभारला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. ते पुण्यास हलविल्यावर, १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई मात्र खचल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या. तेथील ‘मुक्ती’ सदनात अन्नाबरोबर विणकाम, शेती व छपाईचे शिक्षण मिळे, कारण केवळ दानावर जगणारी स्त्री पुन्हा परावलंबीच राहते, हे त्या जाणून होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूचरणी विलीन झाल्या.

करमाड परिसरात दुष्काळाची झळ सोसलेल्या आपणांस या कार्याचे मोल निराळे सांगावयास नको. भुकेल्यास भाकरी देताना त्याच्या हाती कसबही द्यावे, हीच रमाबाईंची शिकवण होय.